डोंगर पेटला तर? गोव्यातल्या वणव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिगमो, म्हणजे गोव्यातला शिमगा, तोंडावर आला की हे प्रश्न येऊ लागतात. काही फोनवर, काही बाजारात भाजी घेताना, काही देवळाच्या पायरीवर. सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आहे. गावाचा डोंगर पेटला की धावणाऱ्या माणसांत गेली काही वर्षं मीही असतो. त्यामुळे खालची उत्तरं बरीचशी पायाला चटके बसून आलेली आहेत.

गोव्यात शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. तरी इथला डोंगर पेटतो कसा?

त्या पावसामुळेच. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जवळजवळ सगळा पाऊस कोसळतो आणि सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरचं, गवत कमरेएवढं वाढतं. ऑक्टोबरनंतर आभाळ कोरडं. डिसेंबरात गवत पिवळं होतं, जानेवारीपासून पानगळ सुरू होते, आणि फेब्रुवारी संपता संपता ऐन, किंदळ, सागाखाली घोट्याएवढा पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, साचतो. जून उजाडेपर्यंत तो तसाच वाळत पडलेला असतो. त्यात रानमोडीची वाळलेली काटकं. ही परदेशी झुडपं रस्त्याकडेला आणि तोडलेल्या जंगलात माजलेली आहेत. जुन्या खाणींच्या ढिगांवर लावलेल्या अकेशियाचा पाला तर लवकर कुजतच नाही.

मग एखाद्या मार्चात पूर्वेचा कोरडा वारा घाट उतरून येतो आणि दुपारचा समुद्रवारा उशिरा सुटतो. असे दोन-चार दिवस सलग आले की पातेरा हातात घेतल्यावर पापडासारखा मोडतो. आमच्याकडे तीच परीक्षा. पान मुठीत चुरून बघायचं. नुसतं वाकलं तर ठीक. चुरा झाला तर त्या दिवशी शेतात काडी ओढायची नाही.

टीव्हीवर परदेशातल्या आगी दिसतात, झाडांच्या शेंड्यांवरून धावणाऱ्या. आपल्याकडे तसं होतं का?

क्वचितच. आपला वणवा जमिनीवरून सरपटतो. लांबून रात्री डोंगरावर लाल माळ घातल्यासारखी दिसते. जवळ गेलात तर ज्वाळा बहुतेक ठिकाणी गुडघ्याच्या खालीच असते, तडतड आवाज करत पातेरा खात पुढे सरकते, आणि तिच्यामागे काळी जमीन उरते. हिरवी झाडं उभीच असतात. त्यांची साल तेवढी भाजते.

हे कळलं की पुढचं सगळं कळतं. अशी आग पातेऱ्यावर जगते. पातेरा काढलेल्या दोन-तीन मीटर जमिनीपाशी ती थांबते. सुक्या गवताचा सडा किंवा कारवीचं वाळलेलं रान मात्र वेगळं. तिथे ज्वाळा डोक्यावर जाते आणि माणसाला पळायला वेळ मिळत नाही. ‘आपली आग छोटी असते’ हे वाक्य गवतात शिरताना विसरायचं.

२०२३ साली नेमकं काय झालं होतं?

५ मार्चच्या सुमारास म्हादई अभयारण्यात, साट्रे गावाच्या बाजूला आग दिसली. ती विझते न विझते तोवर दुसरीकडे, मग तिसरीकडे. पुढच्या दोनेक आठवड्यांत सत्तराच्या आसपास ठिकाणी आगी नोंदल्या गेल्या. म्हादईबरोबर मोले आणि नेत्रावळीच्या अभयारण्यांच्या बाजूलाही. त्याच दिवसांत उकाडा एवढा होता की शाळा दुपारपर्यंतच भरवल्या. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या घेऊन आली. जमिनीवर वनखात्याचे रक्षक, अग्निशमन दलाचे जवान आणि गावकरी होते. त्या आठवड्यात सत्तरीतल्या वाळपईच्या बाजारात प्रत्येकाच्या कपड्यांना धुराचा वास होता.

तेव्हापासून ‘वणवा’ हा शब्द पणजीतल्या लोकांच्याही तोंडी आला. डोंगराखालच्या गावांना तो नवा नव्हता.

आग लावतं कोण? बांबू एकमेकांवर घासून पेटतो म्हणतात.

बांबूची गोष्ट मी आजोबांकडून ऐकली आहे. बांबू पेटलेला पाहिलेला माणूस मात्र अजून भेटलेला नाही. भारतातले बहुतेक सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. मार्चात कोरडी वीज पडून आग लागणं आपल्याकडे दुर्मीळ.

माणसाच्या हातून म्हणजे दर वेळी कट असतो असं नाही. काजूच्या बागेतला पाला जाळताना सुटलेली आग, गवत नवं फुटावं म्हणून लावलेली, मध काढताना केलेली धुरी, रस्त्यावरून फेकलेली विडी, सहलीला आलेल्यांची अर्धवट विझवलेली चूल, जत्रेतलं दारूकाम, झोळ पडलेल्या वीजतारांची ठिणगी. मुद्दाम लावणारेही असतात. पण माझा अनुभव विचाराल तर दहातल्या सहा-सात आगींमागे ‘मी आत्ता विझवून आलो’ म्हणणारा एक सज्जन गृहस्थ असतो.

पाला जाळला नाही तर बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा कशी करायची?

हा खरा प्रश्न, आणि ‘जाळू नका’ एवढं सांगून तो सुटत नाही. बोंडू झाडावरून तोडायचे नसतात, पिकून पडलेले उचलायचे असतात. पातेऱ्यात ते दिसत नाहीत आणि पातेऱ्याखाली काय बसलंय तेही दिसत नाही. फुरशावर हात पडलेली माणसं आमच्या गावात आहेत. त्यामुळे हंगामाआधी झाडाखालची जमीन साफ करणं भागच असतं.

पद्धत बदलता येते. पाला जानेवारीतच ओढा, फेब्रुवारीच्या शेवटाची वाट बघू नका. जानेवारीत सकाळी दव असतं, पाला दमट असतो. खराट्याने किंवा दंताळ्याने ओढून बागेतल्या चरात भरा, वर थोडी माती लोटा. पहिल्या पावसानंतर तेच खत. उतारावर आडवे चर असतील तर पावसाचं पाणीही तिथे मुरतं. पाला उडवणारा ब्लोअर भाड्याने मिळाला तर एका दिवसात तीन दिवसांचं काम उरकतं.

राख म्हणजे खत असं लोक म्हणतात. पालाश मिळतो हे खरं. पण नत्र धुरातून उडून जातं, वरची पोषणाची मुळं भाजतात आणि खालच्या फांद्यांचा मोहर करपतो. जाळलेल्या आणि न जाळलेल्या झाडांखालची माती मे महिन्यात एकदा कुदळीने उकरून बघा. मला आणखी काही सांगावं लागणार नाही.

आता स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बागेच्या कडेला पाल्याचा ढीग जाळला. सकाळी, वारा नसताना, दोघं उभे राहून. वर सहा-सात घागरी पाणी ओतलं, पायाने पसरलं आणि जेवायला घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला शेजाऱ्याच्या बागेतून हाक आली. ढिगाच्या पोटात एक जुनं खोड होतं. ते रात्रभर धुमसत राहिलं आणि दुपारच्या वाऱ्याने जागं झालं. शेजाऱ्याची ऐन बहरातली काजूची झाडं गेली. पैसे भरून दिले, पण तो माणूस गणेश चतुर्थीपर्यंत आमच्याशी बोलला नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. चूक आमचीच होती.

जाळपट्टा म्हणजे काय? तो किती रुंद हवा?

जंगल आणि बाग, किंवा जंगल आणि वस्ती यांच्यामध्ये पातेरा, गवत आणि सुकी काटकं काढून मोकळी केलेली पट्टी. झाडं तोडायची नाहीत, जमीन साफ करायची. नुसता पातेरा असेल तर दोन-तीन मीटरची पट्टी पुरते. गवत असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट-चौपट तरी हवी, आणि चढाच्या बाजूला आणखी. वनखातं आपल्या हद्दीत हे काम करतं. खाजगी आणि कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीच्या, जमिनीत ते तुम्हालाच करावं लागतं.

दोन गोष्टी लोक विसरतात. पट्टी एकदा साफ केली की काम संपलं असं नसतं. पानगळ चालूच असते, पंधरा दिवसांत ती पुन्हा भरते. दुसरं, जंगलातल्या जुन्या पायवाटा, बैलगाडीचे रस्ते, कोरडे ओहोळ हे तयार जाळपट्टेच आहेत. आधी ते झाडून घ्या. निम्मं काम तिथेच होतं.

धूर दिसला. पहिला फोन कोणाला?

अग्निशमन दलाला १०१, किंवा ११२. कोणी भाजलं असेल किंवा गुदमरलं असेल तर १०८. त्याचबरोबर तुमच्या भागातल्या वनरक्षकाला. त्याचा नंबर आत्ताच, डोंगर हिरवा असताना, मोबाईलमध्ये टाकून ठेवा. पंचायत सदस्यालाही कळवा, कारण रस्ता दाखवायला माणूस तोच पाठवू शकतो.

फोनवर काय सांगायचं हे महत्त्वाचं. ‘डोंगराला आग लागलीय’ एवढ्याने गाडी निघते, पण पोचत नाही. गावाचं आणि वाड्याचं नाव, जवळचं देऊळ किंवा पूल, गाडी कुठपर्यंत येते आणि पुढे किती चालावं लागतं, आग चढावर जातेय की उतारावर, जवळ घरं आहेत का. एवढं एका दमात सांगा. जमलं तर मोबाईलवरून ठिकाण पाठवा. एकदा आमच्यातल्याने एका कार्यालयात फोन केला तर पलीकडून सर्व्हे नंबर विचारला. आग सर्व्हे नंबर बघून चालत नाही हे सांगण्यात दोन मिनिटं गेली.

आणि एक माणूस गाडीरस्त्यावर उभा ठेवा. बंब फाट्यावरून चुकीच्या वाड्यात गेलेला आम्ही पाहिला आहे.

मी विझवायला जाऊ का?

आग गुडघ्याखाली असेल, तुम्ही धडधाकट असाल, बरोबर किमान चौघं असतील आणि त्यातला एक त्या डोंगराच्या वाटा ओळखणारा असेल तर जा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर खाली थांबा. खालीही कामं भरपूर असतात.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी, आणि यातली एकही कमी महत्त्वाची नाही.

कपडे सुती, अंगभर. नायलॉनची जर्सी आणि ट्रॅक पँट नको. ती वितळून कातडीला चिकटते. पायात बूट. रबरी चपलेत आलेल्या पोरांना आम्ही परत पाठवतो, कितीही रागावली तरी. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, तोंडाला सुती फडकं, आणि संध्याकाळ होणार असेल तर बॅटरी.

आगीच्या वरच्या बाजूला चढावर कधीच उभं राहायचं नाही. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. सपाटीवर तुम्ही तिच्यापुढे चालत निघून जाल, घाटाच्या उतारावर ती तुम्हाला गाठेल. दोन डोंगरांमधली अरुंद घळ ही तर चिमणीच. आग खाली असताना तिथे शिरायचं नाही. बाजूने जायचं, शेपटीकडून, म्हणजे आगीच्या मागच्या टोकाकडून, सुरुवात करायची आणि दोन्ही कडा मारत डोक्याकडे, पुढच्या टोकाकडे, सरकायचं.

वारा ओळखायला शिका. दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि ऊन खाल्लेल्या उतारावरून हवा वर चढते, म्हणून आपल्या पश्चिमेकडच्या उतारांवर आग घाटमाथ्याकडे पळते. सूर्य मावळला की उलटं होतं. थंड हवा खाली उतरते आणि दिवसभर शांत असलेली खालची कड वस्तीकडे सरकू लागते. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात सगळे थकलेले असतात, आणि आग दिशा बदलते नेमकी तेव्हाच.

निसटायची वाट आधी ठरवा. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे जळून थंड झालेली काळी जमीन, तिथे पुन्हा जळायला काही नसतं. नाहीतर उघडा जांभा, ओहोळाचं पात्र, पाणी लावलेलं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग. वर पळायचं नाही.

आणि वर बघत चला. पोकळ वठलेलं झाड आतून पेटलं की धुराड्यासारखं घोंघावतं आणि आवाज न करता फांदी टाकतं.

डोंगरावर पाणी नाही. मग विझवायची कशाने?

पाण्याची गरज तुम्हाला वाटते त्यापेक्षा खूप कमी असते. हिरव्या पाल्याची दाट फांदी तोडायची आणि आगीची कड आतल्या बाजूला, जळलेल्या भागाकडे, दाबत झोडपायची. उंचावरून मारलीत तर ठिणग्या उडून मागे नवी आग लागते. फांदी जमिनीवर दाबायची, क्षणभर धरायची, मग पुढे. दुसरा माणूस मागून दंताळ्याने पातेरा आत लोटतो. तिसरा उरलेले निखारे मातीने झाकतो. चौथ्याने फक्त मागे बघायचं, कारण आग मागून उठते. ब्लोअर असेल तर आगीच्या पुढचा पातेरा उडवून वाट करता येते. मात्र तोंड आगीकडे धरलंत तर ती भडकते. पाठीवरचा पंप उपयोगी पडतो तो शेवटी, खोडं आणि मुळं थंड करायला.

समोरून आग लावून वणवा थांबवतात ना?

लावतात. वनखात्यातली अनुभवी माणसं, वारा बघून, तयार पट्टीवरून. तुम्ही लावू नका.

हेलिकॉप्टर लगेच का बोलावत नाहीत?

कारण त्याचा उपयोग लोक समजतात तेवढा नाही. मोठ्या हेलिकॉप्टरच्या बादलीत एका खेपेला साधारण ३,५०० लिटर पाणी मावतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण दाट झाडोऱ्यावर ते वरून ओतलं की बरंच पानांवरच अडतं, आणि पाचोळ्याखाली धुमसणाऱ्या आगीपर्यंत थोडंच पोचतं. कड्यावर, जिथे माणूस जाऊ शकत नाही, तिथे हेलिकॉप्टर खरोखर कामाचं. उघड्या गवतावरही. बाकी ठिकाणी ते आगीचा जोर कमी करतं आणि विझवावं लागतं खालच्या माणसांनाच. २०२३ मध्येही वरून पाणी पडत होतं तेव्हा खाली रक्षक फांद्या घेऊन उभे होते. कॅमेऱ्यात आलं ते वरचं.

‘आग आटोक्यात’ अशी बातमी आली. म्हणजे विझली ना?

नाही. आटोक्यात म्हणजे तिच्याभोवती सगळीकडून मोकळी पट्टी पूर्ण झाली आणि ती पुढे सरकत नाही. आत ती जिवंत असू शकते. बुंध्यात, मुळांत, वारुळाशेजारच्या कुजक्या लाकडात, गुरांच्या वाळलेल्या शेणात. आमच्या खोडाची गोष्ट वर सांगितलीच.

म्हणून पट्टीपासून आत वीसेक पावलांच्या टप्प्यातलं प्रत्येक धुमसणारं लाकूड फोडून, माती मिसळून थंड करायचं. उलटा हात जवळ नेऊन ऊब लागते का बघायचं. लागली नाही तरच बोट लावायचं. आणि पुढचे दोन दिवस, दुपारी बारा ते चार, कोणीतरी डोंगराकडे बघत बसायचं. कंटाळवाणं काम आहे, वर्तमानपत्रात फोटो येत नाही. पण दुसऱ्यांदा पेटलेले डोंगर मी पाहिले आहेत ते हा पहारा न बसवल्यामुळेच.

आमचं घर डोंगराला टेकून आहे. काय करू?

घराभोवती दहा पावलं जमीन साफ. एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. न दिसणाऱ्या गोष्टी अशा. माडाच्या सुक्या झावळ्या भिंतीला टेकवलेल्या. कौलांच्या पन्हळीत साचलेला पाला. गोठ्यावरचं सुकं गवत. आणि सगळ्यात मोठी, पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी एप्रिलात सुरू होते आणि वर्षभराचं सरपण घराच्या मागच्या भिंतीला, प्लास्टिक ताणून, नेमकं डोंगराच्या बाजूला रचलं जातं. म्हणजे उंबऱ्यापाशी रचलेली होळीच. मेच्या शेवटापर्यंत ते घरापासून लांब ठेवा, पाऊस आला की आत घ्या.

चिऱ्याच्या भिंती पेटत नाहीत. ठिणगी शिरते ती कौलांच्या फटीतून, आणि माळ्यावर जुनी वर्तमानपत्रं नि सुंभ असतात. काजूची भट्टी असेल तर तिच्याभोवती जमीन सारवून मोकळी ठेवा. फेणीचे कॅन भट्टीजवळ नकोत. फेणी पेट घेते हे शिगम्यात दाखवायची गरज नाही.

घर सोडायला सांगितलं तर?

सोडा. वाद नंतर. जायच्या आधी गॅसचा सिलिंडर बंद, दारं-खिडक्या बंद पण कडी-कुलूप नको, गुरांचे दावे सोडलेले. कागदपत्रं, औषधं, चष्मा एका पिशवीत मार्चपासूनच भरून ठेवलेले असावेत. म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात आधी हलवा, शेवटी नाही. ती ‘मी बसते इथेच’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी मग दोन तरुण अडकतात.

धुराने मुलांना खोकला लागलाय. ओलं फडकं पुरेल का?

डोळ्यांना गार वाटेल, बारीक धूळ अडणार नाही. ती कापडातून आरपार जाते. एन-९५ मास्क नीट घट्ट बसला तर उपयोग होतो. दमेकरी, गरोदर बायका आणि लहान मुलांना धूर विरेपर्यंत लांबच्या नातेवाइकांकडे पाठवणं उत्तम. सकाळी धूर दरीत साचून राहतो, म्हणून पहाटे खिडक्या बंद आणि दुपारी वारा आला की उघड्या. श्वास लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८.

भाजलं तर लगेच काय?

वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. फोड फोडू नका. चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीचा कापा. मग स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखाना. उन्हात आणि आगीत राबून माणूस बडबडू लागला, घाम यायचा थांबला, तर तो उष्माघात. सावली, अंगावर पाणी, वारा, आणि १०८.

जंगलातली जनावरं गावात येतील का?

गवे, डुक्कर, भेकर बाजूने निघून जातात. रस्त्यावर रात्री गाडी हळू चालवा. साप घरांकडे सरकतात, म्हणून संध्याकाळी बॅटरीशिवाय मोरीत जाऊ नका. हाल होतात ते हळू चालणाऱ्यांचे, खवले मांजर आणि कासवाचे. धनेशाची मादी याच दिवसांत झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंड्यांवर बसलेली असते आणि नर बाहेरून खाऊ आणतो. खाली पातेरा पेटला की धूर थेट त्या फटीत जातो. आग विझवताना ढोलीचं झाड दिसलं तर त्याच्या बुंध्याभोवतालचा पातेरा आधी काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

जळलेलं जंगल पुन्हा येतं ना?

काही येतं. ऐनाची, म्हणजे आपल्या माट्टीची, गोव्याच्या राज्यवृक्षाची साल जाड, मगरीच्या पाठीसारखी चिरलेली असते. जमिनीवरची आग ती सोसते. सदाहरित झाडांची साल पातळ, त्यांना तेवढं सोसत नाही. बांबर गावच्या निरंकाराच्या रायीसारख्या (राय म्हणजे देवराई) रानजायफळाच्या दलदलीत आग शिरली तर तिथे पुन्हा तसं काही उगवायला पिढ्या जातील. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर रोपं वाचतच नाहीत, म्हातारी झाडं तेवढी उरतात आणि मधल्या जागेत रानमोडी. पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते आणि खालची झर एप्रिलऐवजी फेब्रुवारीतच आटते. आमच्या बागेच्या वरच्या झरीचं हेच झालं.

आग लावणाऱ्याला कायद्याने काय होतं?

राखीव जंगलात आग लावणं, किंवा जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं वा पेटती सोडून जाणं, हा भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात १९७२च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३० लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. १९२७च्या कायद्याचं कलम ७९ फारसं कोणी वाचत नाही. जंगलातून काही घ्यायचा हक्क किंवा परवानगी असलेल्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं हे त्यात बंधनकारक आहे. प्रत्यक्षात आग कोणी लावली हे सिद्ध करणं अवघड, राखेवर बोटांचे ठसे नसतात.

बाग जळली. भरपाई?

त्याच दिवशी तलाठ्याला आणि विभागीय कृषी कार्यालयाला लेखी कळवा, जळलेल्या झाडांचे फोटो काढा, मोजणी करून पंचनामा मागा. शेतकरी आधार निधी असो की विमा, कागदाशिवाय कोणीच पुढे सरकत नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न आपल्या सत्तरीत आगीपेक्षा जुना आहे, त्याचं उत्तर या पानावर मावणार नाही.

उपग्रहावरून आग कळते म्हणतात. मग आपण कशाला बघायचं?

कळते. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून इशारे येतात आणि नाव नोंदवलं तर तुम्हालाही मोबाईलवर मिळतात. नोंदवाच. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. त्याचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, दुसऱ्या जातीच्या उपग्रहाचा तर एक किलोमीटरचा. झाडाखालची लहान आग त्याला दिसेलच असं नाही, आणि तापलेला सडा कधी आग म्हणून दिसतो. उपग्रहाच्या आधी धूर बघते ती डोंगरावर गुरं घेऊन गेलेली धनगराची पोरगी. तिच्याकडे तुमचा नंबर आहे का?

आमच्या वाड्यावर तरुणच नाहीत. सगळे सकाळच्या बसने पणजी, म्हापशाला कामाला. आग विझवायची कोणी?

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त वेळा आला, आणि आग लागते नेमकी बस गेल्यावर.

आम्ही असं केलं. वाड्यावर दिवसा कोण असतं त्याची यादी केली. निघाली अकरा माणसं, त्यातल्या सात बायका, दोन साठीच्या पुढचे. चढावर झोडपायला यातली चारच जाऊ शकतात. पण स्वयंसाहाय्य गटातल्या बायकांनी जानेवारीत तीन रविवार लावून देवळापासून ओहोळापर्यंतची जुनी पायवाट झाडून काढली. ती आता गावाचा जाळपट्टा आहे आणि दर दुसऱ्या शुक्रवारी झाडली जाते. साठीच्या पुढच्या दोघांपैकी एकाला सगळ्या वाटा तोंडपाठ आहेत. त्याला डोंगर चढवत नाही, तो खाली चौथऱ्यावर बसून फोनवरून सांगतो: ‘फणसाकडून डावीकडे घ्या, पुढे कातळ लागेल, तिथे थांबा.’ शेजारच्या दोन वाड्यांशी बोलून ठेवलंय, हाक आली की ते येतात, त्यांच्याकडे लागली की आम्ही. देवळाच्या मागच्या खोलीत सहा दंताळी, दोन पाठीचे पंप, आठ जोडी बूट आणि पाण्याचे चार कॅन ठेवले आहेत. खोलीची चावी पुजाऱ्याकडे आणि दुसरी दुकानात, पंचायतीत नाही. पंचायत दुपारी बंद असते.

गेल्या मार्चमध्ये ही सगळी तयारी दोनदा वापरली. दुसऱ्या वेळी बंब पोचला तेव्हा आमचं राखेवर माती टाकणं चालू होतं. जवानांनी पाणी पाजलं आणि तास-दीड तास आमच्याबरोबर खोडं फोडली.